वाचक विचारतात : जीपीएस चुकलं तर विमानही चुकतं का?

मागच्या अंकात विमानांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम केल्या जाणाऱ्या गडबडीबद्दल छोटीशी टीप दिली होती, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. सारखेच प्रश्न होते ते एकत्र केलेत. काही पत्रांत नुसती भीतीच होती, त्यांची उत्तरंही इथेच कुठे ना कुठे सापडतील.

इस्तंबूलहून दोहाला जाताना सीटसमोरच्या स्क्रीनवर विमान एका जागी थिजलं, मग एकदम भलतीकडेच दिसायला लागलं, बऱ्याच वेळाने परत जागेवर आलं. स्टाफला विचारलं तर "नकाशा बंद पडलाय" एवढंच म्हणाले. पायलटलाही हेच दिसत असेल तर?

नुसता नकाशा हँग होणं खूपदा होतं, त्यात काही नसतं. पण तुम्ही भलतीकडे उडी मारली म्हणताय आणि रूट इराकवरचा, त्यावरून स्पूफिंगची शक्यता बरीच वाटते, म्हणजे जमिनीवरून कोणीतरी सॅटेलाइटसारखाच दिसणारा खोटा सिग्नल सोडत होतं आणि विमानाच्या रिसीव्हरला तोच खरा वाटला. या भागात सप्टेंबर २०२३ पासून हे प्रवासी विमानांच्या बाबतीत ठळकपणे दिसायला लागलं. त्याच काळात एका बोईंग ७७७ च्या क्रूला बगदादच्या कंट्रोलरला विचारावं लागलं होतं की आत्ता वाजले किती आणि आम्ही आहोत कुठे, ही गोष्ट वैमानिकांच्या जगात तेव्हा खूप गाजली आणि गाजायलाच हवी होती.

पायलटला काय दिसतं ते जरा सविस्तर सांगतो. बऱ्याचदा पहिला इशारा नकाशावर येतच नाही, तो घड्याळात येतो. विमानाचं घड्याळ जीपीएसवरून वेळ घेतं, आणि स्पूफिंग सुरू झालं की ते मागेपुढे पळायला लागतं. मग वाऱ्याचा वेग काहीच्या काही दिसतो, कारण कॉम्प्युटर वारा काढतो तो जमिनीवरच्या आणि हवेतल्या वेगाच्या फरकातून, आणि त्यातला जमिनीवरचा वेगच खोटा झालेला असतो. मग स्क्रीनवर छोटा पिवळा मेसेज येतो की दोन पोझिशन जुळत नाहीयेत. हे सगळं एका मिनिटाच्या आतसुद्धा होऊ शकतं, आणि त्याच वेळी रेडिओवर कंट्रोलर काहीतरी विचारत असतो.

आता दिलासा. मोठ्या विमानात आयआरएस नावाची यंत्रणा असते, तीत वळण मोजणारे लेझर जायरोस्कोप आणि वेग किती बदलला ते मोजणारे सेन्सर असतात, विमान कुठून निघालं आणि तिथून किती कुठे वळलं याचा हिशोब ती बाहेरच्या कुठल्याही सिग्नलशिवाय ठेवते. ती हळूहळू सरकते, तासाला साधारण एक-दोन नॉटिकल मैल (दोन-चार किलोमीटर), म्हणजे चार तासांनी सुद्धा समुद्रावर हरवायची वेळ येत नाही. शिवाय जमिनीवरचे रेडिओ स्टेशन आहेत, व्हीओआर दिशा सांगतं, डीएमई अंतर सांगतं, आणि खाली रडारवर बसलेला माणूस आहे जो सरळ सांगू शकतो की अमुक दिशेला वळा. त्या ७७७ ला पुढे असंच कंट्रोलरच्या सांगण्यावरून नेलं गेलं.

पण काही विमानांत आयआरएसची पोझिशन जीपीएसने सतत दुरुस्त करत राहायची सोय होती, चांगल्या हेतूने केलेली, आणि खोटा सिग्नल त्याच दाराने आत गेला. जी यंत्रणा कोणी बाहेरून बिघडवू शकत नाही असं सगळे धरून चालले होते तीच बिघडली, आणि म्हणूनच २०२३ चे ते प्रकार इतके गंभीर.

जॅमिंग आणि स्पूफिंग एकच का? आणि इतकी भारी सिस्टीम इतक्या सहज कशी फसते?

एक नाही. जॅमिंग म्हणजे गोंगाट करून खरा सिग्नल ऐकूच येऊ न देणं, तेव्हा रिसीव्हर प्रामाणिकपणे सांगतो की मला काही कळत नाहीये. स्पूफिंगमध्ये रिसीव्हर पूर्ण आत्मविश्वासाने खोटं सांगतो. पायलटला पहिलं परवडतं, दुसरं नाही.

सहज फसते कारण खरा सिग्नल फारच अशक्त असतो. सॅटेलाइट साधारण २०,२०० किलोमीटर वर, त्याच्या ट्रान्समीटरची ताकद घरातल्या बल्बच्या वॅटेजच्या आसपासची. इथे पोचेपर्यंत काय उरतं ते असं बघा, एका वॅटचे एक अब्ज भाग करा आणि त्यातल्या एका भागाचे परत एक कोटी भाग करा, त्यातला एक. एवढ्याशा सिग्नलवर रिसीव्हर चार सॅटेलाइटची अंतरं मोजतो, आणि ती मोजतो वेळेवरून, वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतर ३०० मीटरने चुकतं. वर नागरी वापराच्या सिग्नलची रचना पहिल्यापासून जाहीर आहे, कोणालाही रिसीव्हर बनवता यावा म्हणून. ती उघडी ठेवली म्हणून जगाचा प्रचंड फायदा झाला, आणि आता तीच वाट नक्कल करणाऱ्यालाही मोकळी आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास युनिव्हर्सिटीच्या टीमने मालकाच्या परवानगीने भूमध्य समुद्रात एक मोठी यॉट अशीच हळूच मार्गावरून हलवून दाखवली होती, अलार्म एकही वाजला नाही.

आम्ही फोन एअरप्लेन मोडवर टाकत नाही म्हणून तर हे होत नाही ना?

नाही. फोनमधलं जीपीएस फक्त ऐकतं, काही पाठवत नाही. एअरप्लेन मोडची कारणं वेगळी आहेत आणि क्रू सांगेल ते ऐकावंच, पण या गडबडीचा तुमच्या फोनशी संबंध नाही. उलट खिडकीशी धरलेला तुमचा फोनच फसू शकतो, पूर्व भूमध्य समुद्रावर असताना "तुम्ही बैरूत एअरपोर्टवर आहात" असं दाखवू शकतो. विमानांच्या बाबतीत तर हे अगदी नेहमीचं झालंय, हवेतलं विमान आणि पोझिशन बैरूतच्या रनवेवर.

मुलगी पायलटचं ट्रेनिंग घेतेय. ती म्हणते खोटे इशारे इतके येतात की पायलट "टेरेन, पुल अप" ऐकूनही दुर्लक्ष करतात. हे खरं असेल तर फार भयंकर आहे.

मुलगी बरोबर सांगतेय, आणि आलेल्या सगळ्या पत्रांत मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच वाटला.

जमीन जवळ आली की ओरडणारी यंत्रणा आधी फक्त सरळ खाली बघायची. पोटाखालच्या रेडिओ अल्टिमीटरवरून, म्हणजे जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्रावरून, तिला कळायचं की जमीन वर येतेय, पण समोर उभा डोंगर असेल तर ते कळेपर्यंत उशीर व्हायचा. डिसेंबर १९९५ मध्ये कोलंबियात काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सचं विमान रात्री डोंगरावर गेलं, १५९ माणसं गेली. तिथे इशारा वाजला होता, पायलटने विमान वर खेचलंही होतं, पण हातात वेळ मिळाला जेमतेम बारा-तेरा सेकंद. डॉन बेटमन नावाच्या इंजिनिअरने आणि त्याच्या टीमने यावर उत्तर शोधलं, विमानातच जगभरच्या डोंगरदऱ्यांचा नकाशा ठेवायचा, विमान कुठे आहे ते जीपीएसवरून घ्यायचं, आणि समोर काय येतंय ते मिनिटभर आधी सांगायचं. अगदी चालू स्थितीतलं, पूर्ण कंट्रोलमधलं विमान डोंगराला धडकायचं हे एके काळी विमान अपघातातल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण होतं, या यंत्रणेमुळे मोठ्या जेट विमानांत ते जवळजवळ संपलं. किती जीव वाचले याची गणती करता येणार नाही, पण आधुनिक विमानातली एकच सुरक्षा यंत्रणा निवडा म्हटलं तर मी हीच निवडेन.

आता हिला जीपीएस लागतं, आणि जीपीएस खोटं झालं की हीही खोटी होते. स्पूफिंगचा सिग्नल बरेचदा उंचीसुद्धा खोटी सांगतो, जमिनीलगतची, मग विमान ३५,००० फुटांवर, खाली मोकळं आकाश, जगातला सगळ्यात उंच डोंगरही सहा हजार फूट खाली आणि कॉकपिटमध्ये लाल अक्षरं आणि आवाज, पुल अप, पुल अप. ट्रेनिंगमध्ये वर्षानुवर्षं एकच शिकवलेलं असतं की हा आवाज आला की विचार करायचा नाही, आधी वर खेचायचं. आणि इथे मात्र पायलटला विचार करूनच ठरवावं लागतं की हा खोटा आहे. एका आठवड्यात दोन-तीनदा असं झालं तर माणसाचं मन काय शिकणार? काही कंपन्यांच्या पद्धतीप्रमाणे अशा भागात जाण्याआधी ह्या यंत्रणेचा समोर बघणारा भाग बंदच करतात, बाहेर पडल्यावर चालू करायचा असतो. तो लक्षात ठेवून चालू करणं हे आणखी एक काम दोन्ही पायलटच्या डोक्यावर येतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे परिणाम त्या भागापुरता राहीलच असं नाही. काही रिसीव्हर खरा सिग्नल परत मिळाल्यावरही सावरत नाहीत, विमान जमिनीवर आणून पॉवर बंद करून परत चालू केल्याशिवाय ठीक होत नाहीत. म्हणजे गडबड झाली इराकवर, आणि काही तासांनी हजारो किलोमीटर पुढे रात्री ढगातून उतरताना खोटा पुल अप वाजतो. किंवा खरा वाजायला हवा तेव्हा वाजत नाही. मुलीला एकच सांगा, इशारा खोटा ठरवायचा तर उंची, रडार, नकाशा तिन्ही एकमेकांशी ताडून ठरव, आणि सुरक्षित उंचीच्या खाली असशील तर ताडत बसू नकोस, वर जा.

अझरबैजानचं विमान २०२४ च्या ख्रिसमसला पडलं ते जीपीएसमुळेच ना?

तसं म्हणता येणार नाही. २५ डिसेंबर २०२४ ला बाकूहून रशियातल्या ग्रोझ्नीला जाणाऱ्या त्या एम्ब्रेयर विमानाला ग्रोझ्नीजवळ जीपीएस मिळत नव्हतं हे खरं, त्यामुळे उतरणं अवघड झालं. पण विमान जायबंदी झालं ते बाहेरून घुसलेल्या तुकड्यांनी, आणि रशियाच्या अध्यक्षांनीही ऑक्टोबर २०२५ मध्ये मान्य केलं की त्यांची क्षेपणास्त्रं विमानाजवळ फुटली. तशा अवस्थेत कॅस्पियन समुद्र ओलांडून कझाकस्तानातल्या अक्ताऊपर्यंत विमान आणलं त्या क्रूने, ६७ पैकी २९ जण वाचले, पायलट वाचले नाहीत. यातून घ्यायचं ते एवढंच की जिथे जॅमिंग चालू आहे तिथे बहुतेक वेळा ड्रोन आणि क्षेपणास्त्रंही असतात, म्हणजे जॅमिंग दिसलं की तिथे प्रवासी विमान न्यायचं का हा प्रश्न आधी विचारायला हवा.

हे करतं कोण? आणि थांबवत का नाहीत?

बहुतेक ठिकाणी सैन्य. ड्रोन जीपीएसवर उडतात, ते भरकटवायला सिग्नल सोडला जातो आणि वरून जाणारी विमानं त्यात सापडतात, विमान इतकं उंच असतं की शेकडो किलोमीटरवरचा ट्रान्समीटरही त्याला सरळ दिसतो. काळा समुद्र, बाल्टिक, पूर्व भूमध्य, इराक-इराणचा पट्टा, भारत-पाकिस्तान सीमा हे नेहमीचे भाग. भारत सरकारने संसदेत सांगितलेला आकडा आहे, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ मध्ये सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूकडे, ४६५ घटना. वैमानिक आणि डिस्पॅचर (जमिनीवरून उड्डाणांची आखणी करणारे) यांच्या ऑप्सग्रुप या संघटनेच्या २०२४ च्या रिपोर्टप्रमाणे जगात रोज साधारण ३०० फ्लाइटना स्पूफिंग होत होतं जानेवारीत, ऑगस्टपर्यंत ते रोज १,५०० वर गेलं. मार्च २०२५ मध्ये आयकाओ (विमान वाहतूक), आयटीयू (दूरसंचार) आणि आयएमओ (जहाज वाहतूक) या संयुक्त राष्ट्रांच्या तीन संस्थांनी एकत्र निवेदन काढून हे थांबवा म्हटलं. आंतरराष्ट्रीय नियमात दुसऱ्याच्या रेडिओ सेवेत घातक अडथळा आणायला बंदीच आहे, पण सुरक्षेचं कारण पुढे केलं की कोणी विचारू शकत नाही. मला याचा राग येतो, कारण सैन्याची गरज समजू शकते, पण वरून जाणाऱ्या विमानातली दोन-तीनशे माणसं त्या लढाईत कुठेच नसतात, आणि निदान अमुक भागात अमुक वेळी गडबड असेल एवढी सूचना तरी वेळेवर मिळायला काय हरकत आहे.

तुम्ही म्हणता पर्याय भरपूर आहेत, मग फिनएअरची विमानं अर्ध्यातून परत का गेली?

छान पकडलंत. एप्रिल २०२४ ची गोष्ट, फिनलंडच्या या कंपनीची हेलसिंकीहून एस्टोनियातल्या टार्टूला जाणारी फ्लाइट, अगदी छोटा प्रवास, २५ आणि २६ एप्रिलला लागोपाठ दोन विमानं टार्टूवरून न उतरताच परत गेली. आकाशात ती हरवली नव्हती, कुठे आहोत हे पायलटना माहीत होतं. पण टार्टूला उतरायची जी पद्धत वापरात होती ती जीपीएसवर चालणारी, आणि त्या पद्धतीने खाली यायचं तर जीपीएस शंभर टक्के हवंच, नसेल तर परत फिरायचं हा नियम, आणि तो योग्य आहे. कंपनीने महिनाभर ती फ्लाइटच बंद ठेवली, तेवढ्यात टार्टूला जीपीएस न लागणारी उतरायची पद्धत तयार केली, जूनमध्ये विमानं परत सुरू झाली.

मोठ्या एअरपोर्टवर आयएलएस असतं, रनवेपासून निघणारे रेडिओ बीम, त्याला जीपीएस लागत नाही, म्हणून तिथे बहुतेक वेळा प्रवाशाला काही कळतही नाही. तरी अडचण येतेच, दिल्लीत नोव्हेंबर २०२५ मध्ये रनवे १० कडे जीपीएसच्या पद्धतीने येणाऱ्या काही विमानांना स्पूफिंगचा त्रास झाला आणि सरकारने ते संसदेत मान्य केलं. म्हणून मी परत परत सांगत असतो की व्हीओआर, डीएमई, आयएलएस हे जुनं म्हणून काढून टाकू नका. खर्च वाचतो म्हणून गेली वीस वर्षं अनेक देशांनी ही स्टेशनं कमी करत आणली, छोट्या एअरपोर्टवर तर नुसत्या जीपीएसवर भागवलं जातंय, आणि टार्टूचा अनुभव समोर असताना हे चालू राहणं मला बरोबर वाटत नाही.

यावर टेक्नॉलॉजीचा काही इलाज?

आहे, पण हळू. गॅलिलिओ या युरोपच्या जीपीएससारख्या यंत्रणेने जुलै २०२५ पासून सिग्नलवर डिजिटल सही द्यायला सुरुवात केली, रिसीव्हर ती तपासून खरा-खोटा ओळखू शकतो. जॅमिंगवर त्याचा उपयोग नाही, आणि खरा सिग्नल रेकॉर्ड करून परत सोडला तर त्यावरही पूर्ण नाही. दुसरा इलाज म्हणजे अँटेनाच अशी करायची की ज्या दिशेने गडबड येते ती दिशा ऐकूच नये. सैन्याकडे ती आहे, प्रवासी विमानांपर्यंत यायला आजवर निर्यातीचे निर्बंध आणि किंमत आड येत राहिली. आणि विमानात काहीही बदलायचं म्हणजे सर्टिफिकेशन, म्हणजे सरकारी मान्यता, त्यात वर्षं जातात, आज उडणारी बरीच विमानं अजून वीस वर्षं उडणार आहेत. तोवर भर ट्रेनिंगवरच, गडबडीच्या भागात शिरण्याआधी जीपीएसचा इनपुट तोडायचा, मनगटावरच्या घड्याळाची वेळ विमानाच्या घड्याळाशी जुळवून ठेवायची, बाहेर पडल्यावर सगळं तपासून परत जोडायचं.

माझा भाऊ डिलिव्हरीची गाडी चालवतो. मालकाने ट्रॅकर लावलाय म्हणून त्याने ऑनलाइन एक छोटा जॅमर घेतलाय, लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा. त्याचा विमानाला काही त्रास होतो का?

होतो, आणि झालेला आहे. अमेरिकेत नेवार्क एअरपोर्टवर विमानं उतरवायला मदत करणारी जीपीएसवरची नवी यंत्रणा बसवत होते, ती मधूनच थोड्या वेळासाठी बंद पडायची आणि कारण कळेना. इंजिनिअर लोकांनी शोधत शोधत आणलं तर बाजूच्या हायवेवरून जाणाऱ्या गाड्यांतले असलेच जॅमर. २०१२ मध्ये त्यातला एक जण सापडला, कंपनीची पिकअप चालवायचा, आपण कुठे आहोत ते मालकाला कळू नये एवढाच त्याचा हेतू होता, विमानाचा विचारही डोक्यात नसेल. २०१३ मध्ये त्याला ३१,८७५ डॉलर दंड लागला.

उंचावरून जाणाऱ्या विमानाला तुमच्या भावाचा जॅमर फारसं काही करणार नाही, पण एअरपोर्टजवळच्या रस्त्यावर तो चालू असेल तर उतरणाऱ्या विमानापर्यंत आणि तिथल्या यंत्रणेपर्यंत पोचू शकतो, शिवाय शेजारच्या अँब्युलन्सचं लोकेशनही घालवतो. बहुतेक देशांत असं यंत्र वापरणं गुन्हा आहे, भारतातही. ट्रॅकरबद्दल मालकाशी भांडायचं असेल तर जरूर भांडू दे, पण ते यंत्र आजच सॉकेटमधून काढायला सांगा, आणि दुसऱ्या कोणाला विकू पण देऊ नका.